अण्णांना दुबईचं ऊन लागलं तेव्हा

"निपाणीची गाडी कुठं लागते रे?"

अण्णांनी हे विचारलं तेव्हा आम्ही दुबईच्या खाडीकाठी, देरा बाजूच्या धक्क्यावर उभे होतो. एक दिरहम देऊन आब्रातून, म्हणजे तिथल्या लाकडी होडीतून, नुकतेच पलीकडून आलो होतो. मसाल्यांचा बाजार बघायचा, मग सोन्याचा बाजार, मग जेवण, असा माझा बेत होता. अण्णा गंमत करताहेत असं वाटून मी हसलो. आईही हसली. पण अण्णा हसत नव्हते. त्यांनी पुन्हा विचारलं, "स्टँड कुठल्या बाजूला म्हणायचं?" आणि ते भलत्याच दिशेला चालायला लागले.

शनिवार होता, २०२२ चा मे महिना. दुपारचे साडेबारा. मोबाईल ४१ अंश दाखवत होता.

आज तीन-साडेतीन वर्षांनी हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आपल्या मंडळाच्या ग्रुपवर दर मार्च-एप्रिलमध्ये येणारा एक प्रश्न. "आई-बाबांना सुट्टीत दुबईला बोलावतोय, काय काय दाखवू?" उत्तरं भराभर येतात. बुर्ज खलिफा, डेझर्ट सफारी, मिरॅकल गार्डन. काय सांभाळू, हे मात्र कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आमच्या हवेचा गर्व

माझं शिक्षण बेळगावात झालं. टिळकवाडीत राहून बीई केलं. आई-अण्णा निपाणीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. 'गरिबांचं महाबळेश्वर' असं आपण कौतुकानं म्हणतो. तिथं मे महिन्यातही संध्याकाळी वारा सुटतो आणि वळवाचा पाऊस एकदा येऊन गेला की रात्री चादर लागते. निपाणी तिथून ७५ किलोमीटरवर, जरा खाली. तिथलं ऊन कडक असलं तरी कोरडं. रात्री अंगणात बाज टाकली की झोप लागते.

अण्णांनी सगळी हयात तंबाखूच्या रानात काढली. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखूचं आंदोलन झालं, शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून धरला. त्या रस्त्यावर अण्णाही बसले होते. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यामुळे विमानतळावरून घरी येताना मी उन्हाचा विषय काढला तर उत्तर ठरलेलं होतं. "मला ऊन काय शिकवतोस? डांबरी रोडवर बसून काढलंय ऊन आम्ही."

गोष्ट खरी होती. पण सत्तावीसचं शरीर आणि अडुसष्टचं शरीर यांत फरक असतो. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते आणि घाम येण्याची ताकद कमी होते. त्यात अण्णांना रक्तदाब आणि साखर. त्यांचा अभिमान मला मोडवत नव्हता. खरं सांगायचं तर तो मला सोयीचाही होता, कारण मी एक्सेलमध्ये सात दिवसांचा तासातासाचा कार्यक्रम आखून ठेवला होता. त्यात विश्रांतीचा रकाना नव्हता.

त्या दुपारी काय झालं

अण्णा भलतीकडे निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. हात तापलेला होता. चेहरा लाल. आई म्हणाली, "सकाळपासून पाणी घेतलं नाहीत हो तुम्ही." तरीही मी म्हणत होतो, "थोडं पुढं जाऊ, तिथं हॉटेल आहे, बसू."

समोरच्या औषधांच्या दुकानातला केरळी फार्मासिस्ट काचेतून बघत होता. तो बाहेर आला आणि काही न विचारता अण्णांना आत घेऊन गेला. फरशीवर झोपवलं, शर्टाची बटणं सोडली, फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या काढून त्यांच्या अंगावर ओतल्या. मला एका पुठ्ठ्यानं वारा घालायला लावला. थंड बाटल्या काखेत आणि मानेशी धरायला आईला सांगितलं. मग स्वतः ९९८ ला, म्हणजे तिथल्या अँब्युलन्सला, फोन लावला. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ मी नुसता बघत होतो.

अँब्युलन्समध्ये ताप मोजला तेव्हा ३९.६ भरला. म्हणजे इतकं पाणी ओतल्यावरसुद्धा. हॉस्पिटलमध्ये सलाईन लागलं. संध्याकाळी पाच वाजता अण्णांनी डोळे उघडून आधी आईला विचारलं, "चहा मिळंल काय?" तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

रात्री डॉक्टरांनी मला बाजूला बसवून प्रश्न विचारले. रोजच्या गोळ्या कुठल्या? मी यादी दाखवली. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. निपाणीत वर्षानुवर्षं चाललेली, उत्तम लागू पडलेली गोळी. पण तीच गोळी शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढते आणि वरून घामानंही तेच चाललेलं असतं. निघण्यापूर्वी या गोळ्यांबद्दल कुणाला विचारलं होतंत का? विचारलं नव्हतं. व्हिसा, तिकीट, विमा, सगळं मी दोनदा तपासलं होतं. त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करायचा मात्र राहिला होता.

दुसरा प्रश्न होता, ते पाणी का पीत नव्हते? याचं उत्तर मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईनं सांगितलं. "बाहेर गेल्यावर संडास-बाथरूम कुठं शोधायचं, तुला सारखं कुठं विचारायचं, म्हणून घेत नव्हते पाणी. पहिल्या दिवसापासून."

ते ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. वडील संकोचापोटी तहानलेले राहिले आणि मी त्यांना जगातली सगळ्यात उंच इमारत दाखवत होतो.

माठ आणि माणूस

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं, डॉक्टर मित्रांना छळलं. ऊन आपल्याला नेमकं काय करतं, हे मला सगळ्यात सोपं माठावरून समजलं.

निपाणीत उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं, कारण पाझरलेलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. तोच माठ कोकणात समुद्राकाठी ठेवा, तितका गार होत नाही. हवेतच दमटपणा असल्यानं पाणी उडत नाही. आपलं शरीरही माठच. नुसता घाम येऊन भागत नाही, तो उडून जायला हवा.

दुबई, शारजा, मस्कत, दोहा ही शहरं वाळवंटी देशांतली असली तरी समुद्राकाठी आहेत. उन्हाळ्यात तिथं घाम अंगावरच राहतो, कपडे चिकटतात, शरीर गार होत नाही. म्हणून तिथले ४० अंश निपाणीच्या ४० अंशांपेक्षा जड जातात. आत वाळवंटात गेलात की उलट. तिथं घाम इतक्या झटकन उडतो की अंग कोरडंच लागतं. "घाम येत नाही, म्हणजे काही नाही" असं वाटतं आणि नकळत तासाला लिटरभर पाणी निघून गेलेलं असतं.

हवा अंगापेक्षा जास्त तापली की पंख्याचाही फारसा उपयोग राहत नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली तर पंखा गरम वाराच अंगावर टाकतो. अशा वेळी अंग ओलं करणं आणि गार जागेत जाणं हेच उपाय.

आखाती देशांत पारा कुठवर जातो? कुवेतमधल्या मित्रिबा इथं २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदवले गेले आणि जागतिक हवामान संघटनेनं ती नोंद मान्य केली. पण नुसत्या आकड्याला भिऊन उपयोग नाही, कारण माणसं त्याहून कितीतरी कमी तापमानात दगावतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक तासन्‌तास उघड्यावर बसले होते. पारा चाळिशीच्या आतच होता. १४ जणांचा जीव गेला. जून २०२४ मध्ये मक्केत पारा पन्नाशीच्या पुढं गेला आणि त्या हज यात्रेत १,३०० हून अधिक माणसं गेली. निपाणी-बेळगावातून दरवर्षी कितीतरी कुटुंबं हज-उमराहला जातात, त्यांत वयस्कर माणसंच जास्त असतात. त्यामुळे हा विषय फक्त दुबई पाहायला जाणाऱ्यांचा नाही.

तिकीट काढण्याआधी

पहिली काळजी कॅलेंडरची. आपल्याकडे शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून आपण मे महिन्यात जातो. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला चांगला काळ. नातवंडांची शाळा चार दिवस बुडली तरी चालेल, आजी-आजोबांना मे-जूनमध्ये नेऊ नका. दिवाळीची सुट्टी त्यातल्या त्यात बरी, तीही उशिराची असेल तर.

दुसरी काळजी गोळ्यांची. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "इतक्या उन्हात चाललोय, यातली कुठली गोळी त्रास देईल?" लघवी वाढवणारी औषधं, रक्तदाबाची काही औषधं, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं ही उन्हात शरीराची गार होण्याची क्षमता कमी करू शकतात. स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका. बदल करायचा तो डॉक्टर करतील. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर दिवसाला किती पाणी चालेल हेही विचारून घ्या, कारण "भरपूर पाणी प्या" हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही.

तिसरी काळजी सामानाची. आपल्या घरातल्या दोन-तीन साध्या वस्तू तिथं गुन्हा ठरू शकतात. खसखस हे मोठं उदाहरण. अमिराती, सौदी, कतार इथं तिला बंदी आहे. त्यामुळे अनारशांना लावलेली खसखस, मसाल्यात दळलेली खसखस, सगळं घरीच ठेवा. दुबईच्या मनाई यादीत विड्याची पानंही आहेत. आईची पानाची चंची मी निघताना कपाटात ठेवायला लावली, त्यावरून दोन दिवस अबोला होता. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, झोपेच्या काही गोळ्या यांवर तिथं कडक नियंत्रण आहे. अशी औषधं लागत असतील तर अमिरातीच्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. बाकीची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. डब्यात सुट्या गोळ्या भरून नेऊ नका. शेजाऱ्यानं "आमच्या मुलाला एवढं द्या" म्हणून दिलेलं बांधलेलं पुडकं तर अजिबात नेऊ नका. बेळगावचा कुंदा बिनधास्त न्या, फक्त साखरवाल्यांपासून लांब ठेवा.

आणि प्रवासी विमा घ्याच. अर्ज भरताना रक्तदाब, मधुमेह लपवू नका. लपवलेल्या आजाराचा खर्च मिळत नाही.

पोहोचल्यावरचे पहिले दिवस

नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. आपली सहल असते सात दिवसांची. म्हणजे सवय होईपर्यंत परतीची वेळ येते. यावर उपाय एकच, पहिले दोन-तीन दिवस हलके ठेवायचे. घर, मॉल, संध्याकाळी समुद्रकिनारा. उघड्यावरचं बघायचं ते सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर.

तिथलं सरकार स्वतःच दुपारला मान देतं. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. सराईत मजुरांना जी दुपार सोसायला लावत नाहीत, ती आपण आई-वडिलांना फोटोसाठी सोसायला लावतो. मी लावली होती, साडेबारालाच.

काही बारीक गोष्टी, ज्या तिथं राहिल्याशिवाय कळत नाहीत:

गच्चीवरच्या टाक्या तापल्यामुळे उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळालाही चटका बसेल असं पाणी येतं. वयस्कर माणसाला किंवा लहान मुलाला न्हाणीघरात पाठवण्याआधी पाणी हातानं बघा. आम्ही उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्यातलंच पाणी गार म्हणून वापरतो.

मॉलमध्ये २२ अंश, बाहेर ४२. चष्म्यावर क्षणात वाफ धरते आणि पायरी दिसत नाही. दारात दोन मिनिटं थांबायची सवय लावा. आत बसण्यासाठी आईची शाल किंवा स्वेटर पिशवीत असू द्या. उन्हाच्या देशात सर्दी होऊन पडलेले पाहुणे मी बरेच पाहिलेत.

कपडे सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे. डोक्यावर टोपी किंवा पदर. उघड्या त्वचेला एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी. अण्णा म्हणतात, "हे बायकांचं." लावतात मात्र.

उभ्या गाडीत कुणालाही ठेवू नका. ना बाळाला, ना झोपलेल्या आजोबांना, "दोनच मिनिटं" म्हणूनसुद्धा. औषधंही ठेवू नका. इन्सुलिन उन्हात खराब होतं आणि दिसायला तसंच राहतं. विमानात ते हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. शुगर तपासायच्या पट्ट्यांनाही ऊन लागू देऊ नका. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा त्या हिशेबानं आधीच कागदावर लिहून ठेवा.

पाणी, मीठ आणि संकोच

घामातून पाणी जातं, त्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो. म्हणून अधूनमधून ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. आपल्या घरातली नाचणीची आंबील, ताकातली, मिठाची, याच कामाची. रानात दुपारच्या न्याहारीला ती का असायची, हे मला दुबईत कळलं. चहा-कॉफीवर भागवू नका. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही असं आमची आजी म्हणायची. कांदा भाकरीबरोबर खावा, खिशातला काही करत नाही.

ओआरएसची चार पाकिटं जवळ असू द्या. हे साधंसं पाकीट किती मोठं आहे, ते सांगायला हवं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी बनगावला मीठ-साखरेचं हे पाणी लोकांना प्यायला देऊन असंख्य जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, ते बघा. गोड चवीचं प्रत्येक खोकं ओआरएस नसतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाब-मधुमेहवाल्यांनी ते रोजचं सरबत म्हणून पिऊ नये, गरज पडेल तेव्हाच.

पाणी पुरेसं होतंय का, याची सोपी खूण लघवीचा रंग. फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी झाली की तुम्ही उशीर केलात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर पडण्याआधी आई-वडिलांना त्यांनी विचारण्यापूर्वी सांगा, "इथं पोहोचलो की डावीकडं स्वच्छतागृह आहे. अर्ध्या तासानं मेट्रो स्टेशन येईल, तिथंही आहे." आपल्या आया विशेषतः याच कारणानं आयुष्यभर कमी पाणी पीत आल्यात. एसटीच्या प्रवासात, लग्नाच्या हॉलवर, सगळीकडं. परदेशात तो संकोच दुप्पट होतो, कारण भाषा येत नाही आणि मुलाला त्रास नको असतो. हा संकोच त्यांनी बोलून दाखवायची वाट बघू नका.

वाळूत जाताना

सफारीत गाडी वाळूच्या टेकड्यांवरून आपटत जाते. गरोदर बायका, पाठीचा-मणक्याचा त्रास, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर त्या गाडीत बसू नका. थेट छावणीपर्यंत साध्या रस्त्यानं सोडणारी सोय मागा, बहुतेक ठिकाणी मिळते. निघण्याआधी भरपेट जेवू नका. दमा असेल तर पंप खिशात ठेवा, वाळूचं वादळ सांगून येत नाही. लेन्सऐवजी चष्मा लावा. अनवाणी वाळूत उतरण्याचा मोह दुपारी आवरा.

उंटाजवळ फोटो काढा, पण त्याच्या तोंडाला तोंड लावून नको. उंटाचं कच्चं दूध पिऊ नका. २०१२ मध्ये सौदीत पहिल्यांदा सापडलेला मर्स हा श्वसनाचा गंभीर आजार उंटांकडून माणसांत येतो. हात साबणानं धुवा. परत आल्यावर १४ दिवसांच्या आत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना आखातातून आल्याचं आवर्जून सांगा.

धोक्याच्या दोन पायऱ्या

पहिली पायरी उन्हानं गळून जाण्याची. खूप घाम, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायात गोळे. माणूस शुद्धीत असतो, नीट बोलतो. त्याला सावलीत, शक्यतो एसीत न्या, आडवं करा, पाय थोडे वर ठेवा, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. नाही वाटलं तर दवाखाना.

दुसरी पायरी उष्माघाताची. अंगाचं तापमान ४० च्या आसपास किंवा वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, झटका येतो, शुद्ध हरपते. त्वचा कोरडी असेलच असं नाही, घाम चालूही असू शकतो. लक्षात ठेवायचं ते एवढंच की उन्हात माणूस वेड्यासारखं बोलायला लागला तर ती गंमत नव्हे. अँब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करा, अंगावर मिळेल ते पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत थंड बाटल्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या गोळीनं उतरत नाही.

माझ्या अण्णांनी निपाणीची गाडी विचारली तेव्हा मी हसलो होतो. त्या हसण्याची आठवण आजही टोचते.

दुसरी खेप

जानेवारी २०२४ मध्ये अण्णा पुन्हा आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. निघण्याआधी डॉक्टरांनी गोळी बदलून दिली होती. या वेळी एक्सेल नव्हतं. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी घरी झोप. आम्ही पुन्हा त्याच आब्रातून खाडी ओलांडली, गार वाऱ्यात. अण्णा मुद्दाम त्या औषधांच्या दुकानात गेले. फार्मासिस्ट तोच होता. अण्णांना मल्याळम येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. अण्णांनी पिशवीतून गोकाकच्या करदंटाचा डबा काढून त्याच्या हातात दिला आणि त्याचे दोन्ही हात बराच वेळ धरून ठेवले.

आता एप्रिल-मेमध्ये निपाणीला फोन केला की आई सांगते, अण्णा सकाळी सहाला रानात जातात आणि अकराच्या आत परत येतात. गल्लीतलं कुणी आखातात निघालं की त्याला घरी बोलावून बसवतात. गोळ्या दाखवल्यास का डॉक्टरला, मसाल्यात खसखस नाही न्हवं, असं एकेक विचारतात. शेवटी म्हणतात, "आणि पोराला पहिल्या दिवशीच विचार, बाथरूम कुठं हाय म्हणून. लाजू नको. मी लाजलो होतो."